पावसात रानात फिरताना पायाचा आवाज होऊ नये आणि पाणीपण आत जाऊ नये, असं गेटर कसं निवडायचं

जून लागला की कोल्हापुरात रेनकोट, छत्र्या, प्लास्टिकच्या चपला यांची खरेदी जोरात सुरू होतीय, पण जी मंडळी पावसाळ्यात रानात जातात, म्हणजे पक्षी बघणारी, रात्री टॉर्च घेऊन बेडूक नोंदवणारी पोरं, फोटोग्राफर, वनरक्षक, त्यांचा खरा त्रास गुडघ्याच्या खाली असतोय. वरचा पाऊस रेनकोट अडवतोय. पण गगनबावडा, आंबा, दाजीपूर या पट्ट्यात गवत आणि झाडोरा कमरेला लागतोय, प्रत्येक पात्यावर पाणी बसलेलं असतंय, तुम्ही त्यातनं चालत गेला की ते सगळं पाणी नडगीवर, नडगीवरनं पँटमध्ये, पँटमधनं सॉक्समध्ये आणि सॉक्समधनं बुटात. मग बूट किती का भारी वॉटरप्रूफ असेना, पाणी वरनं आत आलं की त्याला बाहेर जायला वाटच राहत नाही.

त्यासाठी गेटर. घोट्यापासनं गुडघ्याच्या खालपर्यंत पोटरीला गुंडाळायचं एक कव्हर, खाली पुढच्या बाजूला बुटाच्या लेसमध्ये अडकवायला हूक, तळव्याखालनं जाणारा पट्टा, वर घट्ट करायला दोरी किंवा इलास्टिक. पूर्वीचे शिपाई पायाला लोकरीच्या पट्ट्या गुंडाळायचे ना, काम तेच.

बाहेरच्या देशात ही वस्तू शिकारी लोक खूप वापरतात. स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या मागावर जाणारे वापरतात, न्यूझीलंडमध्ये तर हाफ पँट आणि खाली गेटर हा तिथल्या रानातला नेहमीचा वेश. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. कोल्हापूर संस्थानात एके काळी चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची, तो काळ गेला. पण शिकाऱ्याची आणि आपली गरज एका बाबतीत सारखी आहे, जनावराला कळू न देता थांबायचं आणि बघायचं. म्हणून ऑनलाइन बघताना नुसतं ट्रेकिंग गेटर असं शोधलं तर मिळतंय मजबूत पण खसखस वाजणारं कापड, आणि शिकारीचं गेटर म्हणून शोधलं तर कुठं मऊ, आवाज न करणारं कापड दिसतंय. ट्रेकिंगवाल्याला आवाजाचं काही पडलेलं नसतंय, त्याला फाटू नये एवढंच बघायचं असतंय.

आता यातली खरी अडचण. पाणी अडवायचं तर कापडाला कोटिंग किंवा आतनं पातळ फिल्म लावावी लागते, आणि ती लावली की कापड ताठ होतंय आणि वाजायला लागतंय. आवाज नको तर कापड मऊ, केसाळ पाहिजे, आणि केसाळ कापड पाणी धरून ठेवतंय. दोन्ही शंभर टक्के एका कापडात मिळत नाही, जो कोणी मिळतंय म्हणून सांगतोय त्याचं ऐकू नका. मग कशाला झुकतं माप द्यायचं? माझं म्हणणं सरळ आहे, आपल्या सह्याद्रीच्या पावसात आवाजाला पहिला नंबर द्या आणि वॉटरप्रूफच्या आकड्याला दुसरा. का ते सांगतो.

आधी आवाज कसा तयार होतो ते बघू. इचलकरंजी आपल्या शेजारीच आहे, तिथल्या माणसाला डेनियर म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 500 डेनियर, 1000 डेनियर म्हणजे जाडा धागा, दणकट कापड. कॉर्ड्युरा नावानं जे नायलॉन मिळतंय ते बऱ्याचदा याच जाडीत असतंय, दगडावर घासलं तरी लवकर फाटत नाही. पण त्याचा धागा कडक, विणकामाची उंचसखल टोकं पण कडक, एक पाय दुसऱ्याला घासला की ती टोकं एकमेकांत अडकतात आणि सुटतात, अडकतात आणि सुटतात, एका सेकंदात कितीतरी वेळा, त्यातनं तो खस्स खस्स आवाज येतोय. त्यात आतल्या बाजूला कडक कोटिंग असेल तर ते हलगीच्या ताणलेल्या कातड्यासारखं काम करतंय, बारीक घासणं पण मोठं करून बाहेर फेकतंय.

आणि हा आवाज आपल्याला जेवढा वाटतोय तेवढाच जनावराला ऐकू येतो असं नाही. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेपण तरुणपणी, गाईचा कान मोजला तर तो 35 किलोहर्ट्झपर्यंत जातो. गवा गाईच्याच कुळातला. कापडाच्या खसखशीत वरच्या पट्टीचा भाग भरपूर असतोय, म्हणजे आपण म्हणतोय आवाज बारीक आहे, पण त्यातला एक हिस्सा आपल्याला ऐकूच येत नाही आणि समोरच्याला ऐकू येतोय. शिवाय रानात असा सुका, एका तालातला घासण्याचा आवाज दुसरं कोणी करत नाही. पान पडतंय, थेंब पडतोय, फांदी मोडते, या आवाजांना जनावर सरावलेलं असतंय. खस्स खस्स खस्स असा सारखा येणारा आवाज म्हणजे माणूस, भेकर तर एवढ्यावरच भुंकून सगळं रान जागं करतंय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मुसळधार पाऊस सुरू असताना पानांवरचा पावसाचा आवाजच एवढा असतोय की तुमचं गेटर वाजलं काय न वाजलं काय. खरी परीक्षा उघडीप मिळाल्यावर. पाऊस थांबला, धुकं जरा वर सरकलं, जनावर चरायला बाहेर येतंय, नेमका तेव्हाच तुमचा पाय वाजतोय आणि ते गवतही तुमची पँट भिजवतंय. म्हणजे ज्या अर्ध्या-पाऊण तासासाठी तुम्ही एवढा आटापिटा केलाय, त्याच वेळी दोन्ही गुण लागतात.

मग मऊ कापड म्हणजे नेमकं कुठलं? एक, पॉलिस्टरचं विणीचं कापड ज्याची वरची बाजू ब्रश करून बारीक लव उठवलेली असते, याला दुकानदार ब्रश्ड ट्रायकॉट किंवा नुसतं ट्रायकॉट म्हणतात. दुसरं सॉफ्टशेल, थोडं ताणलं जाणारं, आतनं लव असलेलं. तिसरं फ्लीस, आवाज सगळ्यात कमी पण पाणी सगळ्यात जास्त धरणारं. आणि चौथी लोकर, जिच्याबद्दल आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. धनगराचं घोंगडं बघा. पावसात मेंढरं राखताना डोक्यावर घोंगडं, ते वाजत नाही, धाग्यावर लोकरीचं नैसर्गिक तेल असतंय त्यामुळं बारीक पाऊस बराच वेळ वरच्या वर राहतोय, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेत घोंगडी घेताना लोक हाताळून बघतात ना, वीण किती घट्ट आहे, तीच नजर गेटर घेताना ठेवा. लोकरीची खोट एकच, पूर्ण भिजली की वजन वाढतंय आणि वाळायला दोन दिवस घेते, आणि आपल्याकडं जुलैमध्ये काहीच वाळत नाही.

लव निवडताना बुटकी निवडा. लांब लव असली की कुसळं, चिखल, गवताचं बी सगळं चिकटतंय आणि थोड्या वेळात ते कापड गेटर राहत नाही, पोतेरं होतंय. बोट फिरवल्यावर मखमलीसारखं लागतंय पण धागे दिसत नाहीत, एवढीच लव बास.

आता पाणी. दुकानात लेबलवर 5,000, 10,000, 20,000 मिलिमीटर असं लिहिलेलं असतंय आणि लोक मोठा आकडा बघून पैसे मोजतात. याचा अर्थ असा की कापड पक्कं धरून त्यावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, कापडावर तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबायचं, त्या वेळी पाण्याचा खांब किती उंच धरला असता तर तेवढा दाब पडला असता, तो हा आकडा. आता आपल्या पायावर दाब किती येतोय बघा. गुडघ्याच्या थोड्या खालपर्यंत ओढ्यात उभं राहिलात, पाणी 30 सेंटीमीटर खोल, तर तळाशी दाब फक्त 300 मिलिमीटर. सगळ्यात जास्त दाब येतोय कॅमेरा धरून एका गुडघ्यावर बसल्यावर. समजा त्या नडगीवर 35 किलो वजन आलं आणि जमिनीला टेकलेली जागा 50 चौरस सेंटीमीटर, तर दर चौरस सेंटीमीटरला 700 ग्रॅम, म्हणजे साधारण 7,000 मिलिमीटर. त्यामुळं 10,000 चं कापड गेटरला पुरतंय. 20,000 साठी जादा पैसे घालण्यापेक्षा शिलाई चांगली असलेलं घ्या.

कारण पाणी कापडातनं येतच नाही फारसं, शिवणीतनं येतंय. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ समजा. चांगल्या गेटरला आतल्या बाजूनं शिवणीवर पारदर्शक किंवा राखाडी टेप गरम करून चिकटवलेली असते, उलटं करून बघा, टेप नसेल तर वॉटरप्रूफ लिहिलंय त्याला अर्थ नाही. अशा वेळी सीम सीलर नावाची ट्यूब मिळते, ती ब्रशनं शिवणीवर आतनं लावून रात्रभर वाळवायची, काम होतंय.

पडद्याचं, म्हणजे मेम्ब्रेनचं थोडं. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटका देऊन ताणलं आणि त्यातनं असंख्य बारीक छिद्रं असलेला पडदा तयार झाला, तोच पुढं गोरटेक्स. छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब जात नाही पण वाफ जाते, म्हणजे घाम बाहेर. ऐकायला झकास आहे आणि थंड, कोरड्या हवेत ते कामपण करतंय. पण वाफ बाहेर कधी जाणार, जेव्हा आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, जुलैमध्ये सगळं धुक्यात, हवेत आधीच ओल काठोकाठ भरलेली. तिथं वाफेनं जायचं कुठं? ती आतच गार होऊन पाणी होतंय आणि लोक म्हणतात गेटर गळतंय. ते गळत नसतंय, तो तुमचाच घाम असतोय. म्हणून मी म्हटलं की आवाजाला पहिला नंबर द्या. पूर्ण कोरडा पाय आपल्या पावसात कुठल्याच गेटरला जमत नाही, गेटरचं काम एवढंच की गार पाणी, चिखल आणि काटा बाहेर राहावा आणि आतली ओल अंगाच्या उबेनं कोमट राहावी. पण आवाज न होणं मात्र शंभर टक्के जमतंय, ते आपल्या हातात आहे.

वरच्या कापडाला अजून एक थर असतोय, पाणी मोत्यासारखं घरंगळून जावं म्हणून लावलेला. तो नवीन असताना छान चालतोय, मग चिखल, घाम, गवताचं घासणं यानं जातोय आणि कापड वरनं भिजून जड व्हायला लागतंय. आतला पडदा तेव्हाही पाणी अडवतच असतोय, फक्त बाहेरचं कापड पाण्यानं भरल्यावर वाफेचा उरलासुरला रस्ता पण बंद होतोय. पूर्वी या थरात जी फ्लोरीनची रसायनं वापरायचे ती निसर्गात विघटनच होत नाहीत, पाण्यात आणि मातीत वर्षानुवर्षं राहतात, म्हणून आता बऱ्याच कंपन्या त्याशिवायचा थर देतात. तो थोडा लवकर जातोय, पुन्हा पुन्हा लावायला लागतोय, पण ज्या ओढ्यात आपण बेडूक बघायला जातोय त्याच ओढ्यात ते रसायन सोडायचं हे मला पटत नाही, लेबल वाचून त्याशिवायचंच घ्या.

पँट गेटरच्या आत की बाहेर, यावर लय वाद होतात. आत खोचली तर पँटवरनं ओघळणारं पाणी सरळ गेटरमध्ये आणि तिथनं बुटात. म्हणून जोरदार पावसात रेनपँट गेटरच्या वरनं. पण रेनपँट वरनं घेतली की परत तेच वाजणारं कापड बाहेर आलं. मधला मार्ग असा, वाटेवर चालताना रेनपँट वरनं, आणि बघायच्या जागेच्या जवळ पोचल्यावर पाऊस थांबला असेल तर ती काढून बॅगेत.

आता कापड सोडून बाकीचा आवाज. माझ्या मते निम्म्याच्या वर आवाज कापडाचा नसतोच, तो फिटिंगचा आणि टाचेजवळच्या सामानाचा असतोय. ढगळं गेटर असेल तर दोन्ही पोटऱ्या एकमेकींना घासतात, मग मखमल लावली तरी आवाज येणार. पोटरीचा घेर पँट घालून मोजा, टेलरच्या टेपनं, सगळ्यात जाड जागी, आणि त्या मापाला बसणारंच घ्या, एकाच साइजमध्ये सगळ्यांना बसतंय असं लिहिलेलं टाळा. आतल्या बाजूला घोट्याजवळ बऱ्याच गेटरला जाड नायलॉनचा तुकडा शिवलेला असतो, फाटू नये म्हणून. तो फक्त घोट्याएवढाच असूदे, पोटरीपर्यंत वर आलेला असेल तर चालताना प्रत्येक पावलाला वाजणार.

व्हेल्क्रोची गंमत बघा, ते सापडलंच शिकारीमुळं. 1941 मध्ये जॉर्ज द मेस्ट्रल हे स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन आल्प्समध्ये शिकारीला गेले होते, येताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली गोखरासारखी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, त्यातनं हूक आणि लूपची कल्पना. पण शिकारीतनं निघालेली ही वस्तू रानात उघडली की चर्र करून अर्धा डोंगर ऐकतोय. व्हेल्क्रोचं गेटर वाईट नाही, चिखलात चेन अडकते तशी ही अडकत नाही, हा मोठा फायदा. फक्त गाडीजवळच लावून टाका आणि परत गाडीजवळच काढा, मधे हात लावू नका. पट्टी पूर्ण लांबीची, रुंद आणि पुढच्या बाजूला असलेली घ्या, बाजूला असेल तर गवत त्यात शिरून उकलतंय. चेनवालं घेतलं तर चेन ओढायचा लोंबणारा तुकडा काढून तिथं जाड दोऱ्याची गाठ मारा. लेसचा हूक धातूचा असेल आणि बुटावरच्या कड्यांना लागून टिकटिक करत असेल तर त्यावर सायकलच्या ट्यूबचा बारीक तुकडा चढवा. तळव्याखालचा पट्टा स्टीलच्या तारेचा अजिबात नको, जांभ्यावर आणि सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, प्रत्येक पावलाला घासून बोलतोय. रबरी किंवा मऊ प्लास्टिकचा पट्टा, बदलता येणारा, हा बरा.

दुकानात घेताना लाजायचं काही कारण नाही. कापडावर नख फिरवा, झर्र आवाज आला तर ठेवून द्या. दोन गेटर कानाजवळ धरून एकमेकांवर घासा. मग घालून डोळे मिटून दहा पावलं चाला, स्वतःच्या चालण्याचा आवाज डोळे मिटल्यावर वेगळाच ऐकू येतोय. घरी आणल्यावर एकदा पूर्ण भिजवून परत हेच करा, काही कापडं कोरडी शांत असतात आणि भिजल्यावर चिकटून चपचप करायला लागतात, आणि आपल्याला तर भिजलेलंच वापरायचंय. पाण्याची परीक्षा सोपी, खालचं तोंड पिळून घट्ट बांधा, वरच्या तोंडातनं आत पाणी भरा आणि बाहेरनं शिवणीवर टिश्यू पेपर फिरवा, कुठं ओला होतोय ते लगेच कळतंय.

आता जिवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी, ज्या लेबलवर लिहिलेल्या नसतात. साधं वॉटरप्रूफ गेटर सापापासनं वाचवत नाही. आपल्या भागात घोणस आहे, फुरसं आहे, आंब्याला-आंबोलीला झुडपावर चापडा बसलेला असतोय, यांचे दात मऊ ट्रायकॉटमधनं आरामात जातात. सापासाठीचं गेटर वेगळं मिळतंय, कडक आणि जाड, ते वाजणारच. रात्री बेडकांसाठी ओढ्याकाठी फिरणाऱ्यांनी तेच घालावं, बेडूक काय तुमच्या गेटरच्या आवाजानं पळून जाणार नाही, तिथं आवाजाचा विचार सोडा. आणि साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही, पाय हलवायचा नाही, सरळ सरकारी दवाखाना. जळवांना मात्र गेटर चांगलं अडवतंय, कारण जळू बुटावरनं चढते आणि तिला कातडी मिळायला गुडघ्यापर्यंत यायला लागतंय, तोवर ती दिसते. फक्त मऊ लवेवर तिला चढायला सोपं जातंय, म्हणून मधेमधे खाली बघत राहा. लागलीच तर ओढू नका, नखानं तिच्या बारीक टोकाकडनं बाजूला सरकवा.

दुसरी गोष्ट, शांतता कुठं पाळायची आणि कुठं नाही. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी 1958 पासनं अभयारण्य आहे, अस्वलंपण आहेत. पावसाळ्यात आतला भाग पर्यटकांना बंद असतोय, पण गवा काही गेट बघून फिरत नाही, आजूबाजूच्या शेतात आणि वाटांवर तो येतोच. धुक्यात, वळणाच्या अरुंद वाटेवर तुम्ही आवाज न करता चालत गेला आणि चार पावलांवर गवा किंवा अस्वल समोर आलं, तर ते दचकतंय आणि दचकलेलं जनावर अंगावर येतंय. त्यामुळं दिसत नाही अशा वाटेवर मुद्दाम बोलत, काठी आपटत चाला. गुपचूप बसायचं ते मोकळ्या जागी, लांबनं, वारा आपल्याकडं येत असताना.

वापरून झाल्यावर चिखल वाळू देऊ नका, वाळलेला चिखल लवेत बसला की मऊ कापडपण कडक होऊन वाजायला लागतंय, ही गोष्ट फार लोक लक्षात घेत नाहीत. साध्या पाण्यानं मऊ ब्रश मारून धुवा. कपड्याची पावडर आणि सुवास येणारं ते कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर कापडावर राहतोय आणि मग पाणी घरंगळायचं बंद होतंय. घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की चार दिवसांत बुरशी, म्हणून दोरीवर फॅनखाली. पाणी घरंगळायचं कमी झालंय असं वाटलं तर लेबलवर इस्त्री चालते असं लिहिलेलं असल्यास वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरवा, गरमीनं तो थर परत उभा राहतोय. तरी नाही झालं तर फवारायचा स्प्रे मिळतोय.

आणि ऑनलाइन मनासारखं मिळत नसेल तर शिवून घ्या, कोल्हापुरात बॅगा, रेक्झिनची कव्हरं, गाडीचे सीट शिवणारे कारागीर कमी नाहीत. बाहेरनं बुटक्या लवेचं पॉलिस्टर, आतनं जुन्या चांगल्या रेनकोटचं कापड, खालची चार बोटं जाड नायलॉन, पुढच्या बाजूला दोन इंची व्हेल्क्रो. उभी शिवण एकच ठेवायला सांगा आणि ती पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, आतल्या अंगाला शिवण आली की घासते आणि वाजते. वर दोरीऐवजी रुंद इलास्टिक, दोरीचं टोक लोंबकळत राहतंय. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालायला जाणार असाल तर मे महिन्यातच द्या, कारण पहिल्या फिटिंगला पोटरीचं माप हमखास थोडं बदलायला लागतंय आणि सीम सीलर वाळायला वेळ लागतोय.